मध्यंतरात थांबलेली होडी

॥ श्री ॥
नांदेड, १० जानेवारी २०२५

ती. गोदूताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. ‘कंदिलाची काच’ तूही पाहिलास तर! सिनेमावरचं भांडण फोनवर काढायचं नाही, पत्रातच, हा आपला करार तू पाळतेस, हे बरं आहे. मागं फोनवर भांडून तू दिवाळीला आली नव्हतीस, ते मी विसरलो नाही.

पण ताई, शेवटी मास्तर परत आला असं तू छातीठोक लिहितेस, तिथं मी बेजार झालो. तो आला पुस्तकात. सिनेमावाल्यांनी ते शेवटचं प्रकरण कापूनच टाकलंय. पुरात गेलेल्या नवऱ्याची वाट बघत ती मास्तरची बायको कंदिलाची काच पुसते, तिचा चेहरा सगळा पडदा व्यापतो आणि अंधार. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं आहे. ‘कवीला काय म्हणायचे आहे’ याचं उत्तर मी जन्मभर पोरांना फळ्यावर लिहून दिलं. मला एवढा एक चेहरा वाचता येत नाही होय?

तू सिनेमा नाही, लहानपणी लोह्याच्या घरी वाचलेलं आपलं पुस्तक बघून राहिलीस. आठवतं? मला डोळे आले होते. डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून मी पडवीत निजलेला आणि तू जोडाक्षरांना अडखळत सगळी कादंबरी वाचून दाखवलीस. नदी म्हटलं की मला अजून आधी तुझा आवाज ऐकू येतो, पाणी मागून येतं.

आता थेटरातल्या प्रेक्षकांचं सांगतो. पुढे एकाच्या मोबाइलचा उजेड, बाजूला कुरकुरे. ते सोसलं. पण माझ्या मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याच्या कानाशी सारखी चालू. आता ती उठून राहिली, आता दाराशी गेली, आता होडी सुटली बघा. अरे, आम्हाला काय डोळे नाहीत? नदीच्या मध्यावर होडी हेलकावते, काळजाचं पाणी होतं, अन् हिचं समालोचन सुरूच. शेवटी मी वर्गातला आवाज काढला. हे तुमचं अंगण नाही, गप्प बसून बघता येत नसेल तर घरी बसा, असं सुनावलं. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मध्यंतरानंतर त्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या! शेवट इतक्या शांततेत पाहिला म्हणून सांगू.

एक राहिलं. तुझं अक्षर गेल्या वर्षभरात फारच देखणं झालंय. काना-वेलांट्या कशा ओळीत उभ्या! सही तेवढी तशीच तिरकी. नवा पेन घेतलास काय?

भांडण चालू ठेव, म्हणजे माया आपोआप चालू राहील.
तुझा
रेणू

लातूर, १५ जानेवारी

चि. रेणूस,
अ. उ. आ.

मास्तर परत आला. तू कितीही फळा खडखडवलास तरी आला. त्या दाराला गोणपाट टांगलंय ना, पडद्याच्या अगदी उजव्या कडेला? अंधार व्हायच्या आधी ते आतल्या अंगाला हललं. तुम्ही सगळे त्या बाईच्या तोंडाकडे बघत बसलात, तर कडेचं कुणी बघावं? दाराकडे कामून बघितलं नाहीस?

आणि पुस्तकासारखा सिनेमा नाही म्हणून उगं रडू नकोस. लोह्याला वाचताना अवघड शब्द आला की मी पानंच्या पानं गाळायची. तुला कधी कळलं नाही. तुझ्या डोक्यातली अर्धी कादंबरी तुझी तूच रचलेली आहे.

त्या मागच्या बाईचं वाचलं. एक विचारू? ती कुणाला सांगत होती, हे तू मान वळवून नीट बघितलंस का? रागावून नाही, सहज विचारते.

पुढच्या सिनेमापासून माझ्या पत्राची वाट बघू नकोस. थेटरात जाणं आता होत नाही. गुडघे दुखतात, पायऱ्याही लई आहेत. तू बघ आणि मला लिही. मी होकार देत जाईन. म्हातारपणी तुला तेवढीच शांतता.

थंडी आहे, कानटोपी घालून फिर.
तुझी
गोदूताई

लातूर, १५ जानेवारी

ती. मामाआजोबांस,
शि. सा. नमस्कार.

आजीचं पत्र टाकायला निघाले आहे आणि तिला न विचारता हे वेगळं पाकीट करते आहे. रागावू नका.

अक्षर माझं आहे. वर्ष होऊन गेलं, आजी सांगते आणि मी लिहिते. सही ती स्वतः करते, म्हणून तिरकी. तिच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला आजार आहे. समोरचं, मधलं तिला दिसत नाही. तिथं नुसता करडा डाग. माझा चेहरा दिसत नाही, कानातले मात्र दिसतात. कडेचं दिसतं तेवढंच. तुम्हाला कळवायचं नाही अशी तिची ताकीद होती. तुम्ही सिनेमावर भांडायचं सोडून तिच्या डोळ्यांचीच चौकशी करत बसाल, असं ती म्हणायची.

सिनेमाला मी तिच्या कानाशी बसून सांगते. इथंही एकदा आम्हाला लोकांनी टोकलं होतं, पण आजी तेव्हा हसली होती. तुमचं पत्र वाचून दाखवताना तो मागच्या बाईचा भाग मी गाळायला बघितला. गाळणं तिला लगेच कळतं. तिनं तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, रेणूचं बरोबर आहे, लोकांना त्रास होतो, आता पुरे.

गुडघे तिचे ठणठणीत आहेत.

तुमची
भार्गवी

नांदेड, २० जानेवारी

ती. गोदूताईस,
कृ. सा. न. वि. वि.

भार्गवीवर रागावू नकोस. तिनं लिहिलं नसतं तर मी मरेपर्यंत तुझ्या अक्षराचं कौतुक करत बसलो असतो. वहीवर नाव नसलं तरी अक्षरावरून पोरगं ओळखणारा मी. परक्या अक्षरात बहिणीचं पत्र आलं आणि मी पेनाची चौकशी केली.

तू विचारलंस, मान वळवून बघितलं का. ताई, बघितलं होतं. म्हणून तर झोप नाही. त्या माणसाला काळा चष्मा होता, अंधाऱ्या थेटरात. मला तो दिसला आणि मी मनात म्हटलं, काय हा शौक! तसाच पुढे बोललो.

मी पुन्हा त्या थेटरात गेलो. दारावर तिकिटं फाडणाऱ्या वीरभद्राला ती दोघं आठवत होती. लोह्याकडची असावीत, नाव त्याला माहीत नाही. मध्यंतरात बाहेर पडताना त्यानं विचारलं, तर बाई म्हणाली, यांचं डोकं दुखून राहिलं. खोटं बोलली ती, माझ्या बोलण्यामुळे. बस स्टँडवरही जाऊन बसलो, लोह्याच्या गाड्या बघत. काय बोललो असतो, ठाऊक नाही. ती काही भेटली नाहीत.

आता तुझ्याकडे मागणं आहे. लातूरला त्याच सिनेमाचा दुपारचा एक खेळ अजून चालू आहे. मी बुधवारी येतो. तुझ्या शेजारी भार्गवी नाही, मी बसणार. माझे डोळे आले तेव्हा तू मला नदी दाखवलीस आणि मी तुझी नदी बंद करायला निघालो होतो. नाही म्हणू नकोस. तू यायचं थांबलीस तर माझं बोलणं तिथंही खरं ठरेल.

कसं सांगायचं ते मात्र शिकव. मला हळू बोलता येत नाही.

आशीर्वादाची गरज तुझ्याहून मला जास्त आहे, तो असू दे.
तुझा
रेणू

नांदेड, २६ जानेवारी

ती. गोदूताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू डब्यात दिलेल्या धपाट्यांपैकी निम्मी गाडीतच संपली.

भार्गवी हे तुला वाचून दाखवेल. भार्गवी, बाळा, काही गाळू नकोस.

ताई, तू हसत होतीस, मला कळत होतं. नदीला ‘विशाल जलप्रवाह’ म्हटलं तेव्हा तू मला चिमटा काढलास. वर्णन नको, काय घडून राहिलं तेवढं सांग, असं पुटपुटलीस. मग मी होडी सुटली म्हटलं, ती उठली म्हटलं, दाराशी गेली म्हटलं. तेव्हाच ध्यानात आलं, की हे शब्द माझे नाहीत. मागच्या रांगेतून माझ्या कानावर पडलेले, त्या बाईचे आहेत. किती नेमके होते! एकही जास्तीचा नव्हता.

मग पुढचा तो तरुण वळला. काका, घरी बसून टीव्ही बघा ना, म्हणाला. तुला वाटलं मी भांडेन. तू माझं मनगट धरलंस. पण उत्तर द्यायचं तर सगळ्या थेटरात सांगावं लागलं असतं, की माझ्या बहिणीला दिसत नाही. ते तुझ्यादेखत मला म्हणवेना. त्या बाईलाही म्हणवलं नसेल. मला वाटलं होतं, ती खजील होऊन गप्प बसली. ती नवऱ्याला झाकत होती, ताई. मी नुसते हात जोडले आणि तुझ्या कानाजवळ आणखी सरकलो.

शेवटी मी एकदम थांबलो, तेव्हा तू विचारलंस, संपला काय. संपला नव्हता. सगळा पडदा तिच्या चेहऱ्यानं भरला होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चेहरा सोडून कडेला बघत होतो. गोणपाट हललं. आतल्या अंगालाच हललं, कबूल. पण वारा की माणूस, हे मला सांगता आलं नाही आणि तुझ्यासाठी खोटं सांगावंसंही वाटलं नाही. पोरांना मी नेहमी एकच उत्तर लिहून दिलं, त्याचीही आता लाज वाटते. तू माणूसच म्हण. मी आज वाऱ्याच्या बाजूनं आहे, उद्याचं माहीत नाही. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा लागतोय. मी आदल्या दिवशी येतो. गुडघ्यांचं नाव काढू नकोस.

एवढं लिहून पत्र मिटत होतो, पण एक गोष्ट बोचतेच आहे. आपण दोघं वारा की माणूस म्हणून भांडू शकतो, कारण आपण शेवटापर्यंत पोचलो. लोह्याकडच्या त्या माणसानं मध्यंतरापर्यंतच ऐकलंय. त्याच्या लेखी कंदिलाची काच अजून पुसलेली नाही, दाराचं गोणपाट हललेलं नाही. होडी पुराच्या मध्यावर हेलकावते आहे, आणि ती तिथं मी थांबवली आहे.

थेटरात मागून कुणी कुजबुजलं, की आता मी कान तिकडेच लावतो. अजून तो आवाज आलेला नाही.

सांभाळून राहा, आणि मला अजून थोडं रागावून घे.
तुझा
रेणू