नाल्यातलं घर

४ जुलै

वारा! सकाळी छताची एक दोरी सुटली. गेर म्हणजे शेवटी गोल तंबूच, सांभाळायला वाऱ्यात दोन माणसं लागतात — एकानं आत मधल्या दोरीला लोंबकळायचं, दुसऱ्यानं बाहेर वरचा लोकरीचा नमदा बांधायचा. मी एकटी. आत लोंबकळले तर बाहेर कोण? शेवटी पाण्याचं भरलेलं पिंप दोरीला बांधलं आणि बाहेर धावले. गोंबो असता तर पोट धरून हसला असता.

तो गेल्यावरचा हा पहिला उन्हाळा.

६ जुलै

दिवसभर कोणी नाही. संध्याकाळी एका शेळीशी कडाक्याचं भांडले.

९ जुलै

नाल्याच्या पलीकडे, उंच काठावर, चोइंखोर भाऊजींचं गेर. गोंबोचे जुने मित्र. तेवढाच काय तो शेजार. पण बोलणं बंद!

वसंतात मी इथे घर मांडायला लागले तेव्हा मदतीला आले होते. आले ते उपदेश करत. "वहिनी, कोरडा असला तरी नाला तो नालाच. इथे नका मांडू."

"वर वारा मला घरासकट उडवून नेईल. इथे आडोसा आहे, विहीर आहे. एकटीनं पाणी वर कसं चढवू?"

"वाऱ्याला दोरी लावता येते. पाण्याला नाही लावता येत."

"पाणी? दोन वर्षं शेळीचा खूर भिजला नाही, आणि तुम्हाला पूर दिसतोय! माझा नवरा असता तर बोलला असतात का असं?"

चहाची वाटी तशीच खाली ठेवली आणि गेले. तेव्हापासून इकडे फिरकले नाहीत. बरं झालं!

बरं कसलं.

१५ जुलै

टेकडीवर चढून लेकीला फोन केला. खाली नाल्यात रेंज येतच नाही. "आई, विक ती जनावरं. ये ना उलानबातरला." सातव्या मजल्यावर मी काय राखू? कबुतरं? मागे नातू रडत होता. "ठेवते हं आई," म्हणाली — ठेवलासुद्धा.

२३ जुलै, तालुक्याच्या शाळेचं वसतिगृह

वही अंगरख्याच्या खोळीत होती म्हणून राहिली. शेळ्याही वाचल्या. बाकी काही नाही.

परवा दुपारी उत्तरेच्या डोंगरांवर आभाळ काळं झालं. मग धुळीची भिंतच आली — पिवळी, आभाळाला टेकलेली. शेळ्या उधळल्या. वाऱ्याकडे पाठ करून नुसत्या पळत सुटतात, दमून पडेपर्यंत. मी मागे. हात पुढे केला तर बोटं दिसेनात! टेकडीमागे एकदाचं गाठलं त्यांना. त्यांच्यातच घुसून, तोंड झाकून बसले. खडे अंगावर सपासप बसत होते.

वारा पडला तसा एक आवाज यायला लागला. कोळशाचे ट्रक रांगेनं यावेत तसा. पण इथे रस्ता कुठाय? वर चढून पाहिलं. नाला काठोकाठ भरून धावत होता, तांबडा, चिखलाचा. माझ्याकडे पावसाचा एक थेंब पडला नव्हता! घर नव्हतं. विहीर नव्हती. गोंबोचं खोगीर, चूल, देव — सगळं गेलं.

पलीकडे भाऊजींचं गेर मात्र कोरडं, जागच्या जागी. मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. दारात कोणी आलं नाही. खरं सांगते, त्या घटकेला पाण्यापेक्षा त्यांचाच राग आला. एवढं मनात धरावं माणसानं?

२४ जुलै

मला आणि शेळ्यांना ट्रकमधून इथे आणणारा ड्रायव्हर मोठा गमत्या. "मावशी, गोबीत बुडून मेलात असं सांगितलं असतं, तर तुमच्या लेकीनं मला वेड्यात काढलं असतं!" हसले. हसता हसता रडूच फुटलं.

भाऊजींचं विचारलं. "ते वरचं घर ना? रिकामं. चुलीवर भांडं आहे, माणूस नाही." पुतण्याकडे गेले असणार. मजेत असतील! मला सांगून जायची त्यांना काय गरज!

२६ जुलै

खाटांची लांबच लांब ओळ. मुलं सुट्टीवर. झोपायला मी एकटी.

लेकीला सांगितलं, येते म्हणून. शेळ्या कोणाला द्यायच्या तेही ठरवलं. या एवढ्या माळावर एक जरी माणूस माझ्यासाठी धावत आला असता ना, तर गेले नसते.

२९ जुलै

चोइंखोर भाऊजी सापडले. खूप खाली, गाळात.

वरच्या खोऱ्यातली बादमखांड आली होती. माझा हात धरून बसली. म्हणाली, "पाणी सुटलेलं मी पाहिलं गं. तुझा फोन लागेना, म्हणून त्यांना केला. म्हणाले, 'वहिनी खाली दार लावून बसल्या असतील, वाऱ्यात हाक ऐकू जायची नाही. जाऊन घेऊन येतो.'"

मी घरात नव्हते.