हयातीचा दाखला

पेण, २ ऑगस्ट १९७१
फुटक्या बांधावर चिखलाची एक पाटी टाकायला किती सह्या लागतात? मला सांगता येणार नाही. आजच खारबंधाऱ्यांच्या कचेरीत रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर, पहिली नोकरी! खिडकी रामवाडीच्या बाजूची, टेबल माझं एकटीचं.

पहिला अर्ज खाडीकाठच्या सगुणाबाईंचा. बांधाला खांड पडली आहे, खारं पाणी भातात शिरतंय. पूर्वी घरटी एक माणूस उतरून गावच बांध भरायचं. आता बांध सरकारी, हात लावायला परवानगी लागते. तरी गाव आजच उतरणार होतं. मीच थांबवलं, चार दिवसांत रोह्याच्या मोठ्या कचेरीतून मंजुरी आणते म्हणाले. शिपाई हिरामण हसला, म्हणाला, बाय, उधाण काय तुझ्या कागदासाठी थांबनार हाय? सगुणाबाईंनी त्याला गप्प केलं. शिकलेली पोर हाय, खोटं नाय बोलायची.

७ ऑगस्ट
फाईल परत. शेरा : खांडीची लांबी लिहावी. सात हात लिहून वडखळमार्गे एस.टी.ने पाठवली.

१२ ऑगस्ट
परत. तोवर खांड अकरा हात झाली. शेरा : लांबी जुळत नाही. फाईल ओली. एस.टी.त पाऊस लागला असेल.

१६ ऑगस्ट
शेरा : अर्जदार हयात असल्याचा दाखला जोडावा. सगुणाबाई समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, मेल्यावर लवकर देतात काय गो?

१८ ऑगस्ट
स्वतः रोह्याला गेले. मंजुरी देणाऱ्या साहेबांची खुर्ची रिकामी, दोन वर्षं. कारकून म्हणाले, आम्ही फाईल आत ठेवतो, शेरा होऊन बाहेर येते. कोण लिहितं, ते विचारायचं नाही. फार थकले आहे.

१९ ऑगस्ट
फाईल टेबलावर. मी आणली नव्हती. पानांना मीठ धरलंय. शेरा : अर्जदार मृत. प्रकरण बंद. तारीख उद्याची — पिठोरी अमावास्या, मोठं उधाण.
अक्षर माझं आहे.

२० ऑगस्ट
बांध भरला तर सगुणाबाई वाचतील. एवढंच सुचलं. सकाळी परवानगी लिहिली, साहेबांच्या जागी माझी सही, शिक्का. हिरामण सायकलने देऊन आला. सगळं गाव उतरलंय म्हणाला — सगुणाबाई सर्वांत पुढे, खांडीत, कमरेएवढ्या —
घरी राहिल्या असत्या तर —
भरती बाराची. पावणेबारा झाले. फाईलमधल्या प्रतीवरची सही अजून ओली. बोट लावलं, जिभेला — खारट —
परवानगी मी दिली आहे. ती आता मागे