समुद्राखालची चूल

१२ जाने. १९७५, रवि.
शालू, कालेजात जातेस, पण परवा पायातलीच चप्पल घरभर शोधत होतीस. म्हणून नीट लिही, नाहीतर हेही विसरशील. मला अक्षर येत नाही, तुझ्या लक्षात राहत नाही. आजी-नात मिळून एक शहाणी बाई होईल.
तर आज जेवताना वसंता बोलला. वसंता म्हणजे माझा धाकटा, तुझा काका. बेसा गावात त्याची खोली बांधून झाली. तो अन् त्याची बायको कुसुम वेगळे निघणार. तुझा बाप, माझा थोरला, भात कालवत राहिला. मग वसंता म्हणे, "माय, तू कोनाकडे राहशीन ते तूच सांग."
मी ताक मागितलं.

१३ जाने.
सांगितलं नाही अजून. एका घराच्या दोन चुली. आमच्यात असं कधी...
पुढं लिहू नको.

१५ जाने., बुध.
शालूची कालेजात भूगर्भ विषयाची परीक्षा. मोठ्यानं पाठ करत होती. म्हणे जमीन एकसंध नाही, मोठाल्या फरश्या आहेत अन् त्या सरकतात. समुद्राच्या तळाशी दोन फरश्या एकमेकींपासून दूर जातात, मधे हजारो कोस भेग.
"मंग पाणी काहून नाही गळून जात वं?"
"खालून तापलेला दगड वर येते, आजी. रसासारखा. भेग भरते, थिजते. तोच नवा तळ. पुन्हा भेग, पुन्हा रस."
"अन् जुना तळ?"
"दोहीकडे सरकते. जेवढा लांब तेवढा जुना."
"कोण करून राहिलं हे?"
"आपोआप."
"अवं पोट्टी, आपोआप तर दहीही लागत नाही."
ती हसली. मला पुढं हसू येईना. एवढ्या पाण्याखाली विस्तव. अन् विझत नाही.

१६ जाने.
शालू म्हणते, आपला देश वर्षाला नखं वाढतात त्याहून थोडा जास्त सरकतो. माझ्या जन्मापासून दोन पलंगांच्या लांबीएवढा. रामटेकच्या पायऱ्यांवर गुडघे रडतात, अन् बसल्या जागी एवढी चालले! कोणी घोटभर पाणी विचारलं नाही.
दारातली काळी पायरीही तसाच थिजलेला रस, जमिनीच्या भेगेतून आलेला. लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्यावर बसून तांदूळ निवडते. आज हात ठेवला. थंड. बराच वेळ काढवेना.

१९ जाने., रवि.
कुसुम भांडी बांधत होती. डोळे लाल. "आत्याबाई, राग आला का जी?"
"चूल कुठं मांडशीन?"
"दारापाशी."
"वारा लागते. कोपऱ्यात मांड. पहिल्या दिवशी दूध उतू जाऊ दे, लगेच पुसू नको."
ती पाया पडली.
वेगळे निघाले तिथंच खालून विस्तव येतो, अन् त्यातून नवी जमीन. मला कोणी सांगितलंच नव्हतं. आजवर सगळ्या सासवा उगाच रडल्या. मीही, परवापर्यंत.

२ फेब्रु., रवि.
सामान बैलबंडीत चढलं. वसंतानं पुन्हा विचारलं, "माय, बसतेस का?"
"भांडी आधी जाऊ दे गा. म्हातारीचं वजन शेवटी धरतात."
बंडी वळेपर्यंत पाहिली. ठरवलं नाही अजून.
पण दोन्ही सुनांना सांगून ठेवलंय, लिही: मी ज्या घरी नसेन, त्या घरून दर रविवारी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात पाठवायचा. फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत.