वूटरला बघायला गेल्याबद्दल सहा गुरुवार

रायस्वाइक,
मंगळवार, सकाळचे अकरा

तीर्थस्वरूप नीलाआत्या हिला यशोधनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातून. इकडची फरशी एप्रिलमध्येही इतकी गार असते, की आठही अंगं टेकवली तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला ना? आता पेपर स्वतः वाचतात, की अजून तुलाच मोठ्यानं वाचायला लावून वर उच्चार सुधारतात? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. आसावरीची नोकरी उत्तम चालली आहे, कढीलिंबाचं झाड थंडीतून वाचलं, सायकल अजून चोरीला गेलेली नाही. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि ही हकिगत मला मधे न तुटता सांगायची आहे. शिवाय सध्या जरा वेळ आहे.

तर आत्या, माझं जे काही झालं ते तुझ्यामुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो. मे महिन्यात तुझ्याकडे मिरजेला आलो की इतर मुलं आंबे खात आणि मी तुझ्याबरोबर आजाऱ्यांना बघायला हिंडत असे. मिरजेत राहून तुला पेशंटची टंचाई कधी भासली नाही. गावातल्या प्रत्येक दवाखान्याचा वॉचमन तुला ओळखायचा, आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा ही इतरांसाठी असते अशी तुझी समजूत होती. न कळवता जायचं (कळवलं तर माणूस नको म्हणतो). हात हलवत जायचं नाही. आधी झोप विचारायची, मग भूक, मग पोट साफ होतं का, आणि हे सगळं झाल्यावर अगदी हेच दुखणं झालेल्या कुणाची तरी गोष्ट सांगायची. पेशंटनं दोन घास खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. आणि घरी आल्यावर सगळ्या गल्लीला सविस्तर बातमी द्यायची. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण शिकलो. लहानपणी शिकलेलं कुठे जातंय?

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावात आमची कंपनी आहे आणि ती गाईंचं दूध काढणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर करते. गाय आपली आपण यंत्रापाशी येते, धार काढून घेते आणि चालू लागते. (हे आतोबांना सांगू नकोस, त्यांना विकलेली म्हैस आठवेल.) गाईच्या गळ्यात एक पट्टा असतो, तो तिचं रवंथ मोजतो. एखादीनं नेहमीपेक्षा कमी रवंथ केलं, की दहा मिनिटांत शेतकऱ्याच्या फोनवर निरोप जातो: चारशे बारा नंबरची आज गप्प आहे, बघून या. हा निरोप पाठवणारा भाग माझ्या टीमनं लिहिलाय, आणि त्यातला निम्मा एकट्या वूटरनं.

वूटर म्हणजे आमच्या टीममधला सर्वांत जुना माणूस. उंची साडेसहा फूट, वय पन्नाशीचं, दुपारी चीज घातलेले ब्रेडचे दोन तुकडे आणि बोलणं त्याहून कमी. मी नवीन असताना पहिल्याच हिवाळ्यात सायकलवरून पडलो, तर यानं मला उचललं, डॉक्टरकडे नेलं, घरी सोडलं आणि वाटेत एक अक्षर बोलला नाही. असा हा माणूस जानेवारीत ब्रेडचा एकच तुकडा खाऊन डबा बंद करायला लागला. मग अर्धा. चारशे बारा नंबरची असती तर तिच्यासाठी डॉक्टर धावला असता. वूटरबद्दल कुणाला निरोप गेला नाही. मग एका सोमवारी सगळ्यांना एका ओळीची मेल आली, की वूटर आजारी आहे आणि कधी येईल ते माहीत नाही.

मी आमच्या एचआरच्या मारलूसबाईंना विचारलं, काय झालंय त्याला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं वजनच विचारलंय. इथला कायदाच असा आहे, की आजारी माणसाला काय झालंय हे साहेबानं (म्हणजे इथे मी) विचारायचं नाही. त्यासाठी कंपनीचा वेगळा डॉक्टर असतो. त्याला कळतं, पण तो सांगत नाही. म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्यानं बोलायचं नाही आणि ज्याला काळजी आहे त्यानं विचारायचं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून एक कार्ड पाठवलं. त्यावर बदकाचं चित्र होतं. खाली अकरा जणांनी 'लवकर बरा हो' लिहिलं, आणि हे झाल्यावर सगळे आपापल्या खुर्चीत जाऊन बसले. मी तीन आठवडे कळ काढली. तीन आठवडे, आत्या! तेवढ्यात तू आयसीयूमधून माणूस घरी आणून त्याला चालायला लावलं असतंस.

चौथ्या शनिवारी मी निघालो. आसावरी म्हणाली, निदान मेसेज तरी कर. मी केला नाही. तिनं मऊ भात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं गोड लोणचं डब्यात भरून दिलं. डबा कुठला, तर आतोबांचा तोच, तीन पुडांचा, 'श्री. यादवराव शिंगोटे यांच्या सेवानिवृत्तीप्रीत्यर्थ' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला, जो तू माझ्या बॅगेत स्वेटरच्या आत कोंबला होतास. इथल्या घरांना रस्त्याकडून भिंतभर काच असते आणि पडदा नसतो, पण आत बघणं असभ्य समजतात. (मग काच कशाला? पण जाऊ दे.) मी बघितलं. वूटर कोचावर बसला होता आणि बंद टीव्हीकडे पाहत होता. मी काच वाजवली. त्यानं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. इथे 'आत या' म्हटल्याशिवाय जायचं नसतं, पण त्याचा हात चौकटीवर इतका उंच होता, की मी त्याच्या खालून सरळ आत गेलो.

क्रमानं विचारलं. झोप तुकड्यातुकड्यानं येते. भूक नाही. पोट साफ होतं का, याला माझ्या डचमध्ये वाक्य नव्हतं, म्हणून ते इंग्रजीत विचारलं. वूटर म्हणाला, होतं, थँक यू. नंतर मी त्याला आपल्या हरिहरची गोष्ट सांगितली, तो बँकेतला, एके दिवशी टेबलाच्या खणात किल्ल्या ठेवून चार दिवस कुणाशी न बोललेला. वूटरनं विचारलं, आता बरा आहे का तो? मी म्हटलं, एकदम बरा, फक्त बँकेत परत घेतलं नाही. (हे सांगायचं नसतं, हे तोंडातून गेल्यावर कळलं.) आणि मग वूटर रडायला लागला. एवढा मोठा माणूस रडतो तेव्हा आवाज फार येत नाही, पण कोच हलतो. मी डबा उघडला. तो जेवला, आत्या. दोनदा घेतलं. पिवळी पूड कशाची ते विचारलं. मी दोन तास दहा मिनिटं बसलो आणि डबा तिथेच ठेवून आलो, कारण घाईनं डबा मागून आणू नये ही तुझीच शिकवण.

इथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण सोमवारी सकाळी आमची उभ्याउभ्याची मीटिंग असते, त्यात मी सगळ्यांना बातमी दिली. वूटरला भेटून आलो, झोप कमी आहे, पोट ठीक आहे, पोटभर रडला, आता हलकं वाटत असेल. तुझ्या गल्लीत यावर तीन जणींनी डोळ्याला पदर लावला असता. इथे उरलेली दहा माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. दुपारी मारलूसबाईंनी बोलावलं. त्यांनी तीन गुन्हे लिहून आणले होते: घरी गेलो, तब्येत विचारली, चारचौघांत सांगितली. पहिल्या दोन्हींवर मी तासभर भांडलो. तिसऱ्यावर भांडता आलं नाही. त्याचं रडणं हे त्याचं होतं, ते मी वाटून टाकलं, हे त्यांनी न सांगताही सगळे बुटांकडे बघायला लागले तेव्हाच मला कळलं होतं. निकाल असा लागला, की वूटरशी संपर्क बंद, आणि सहा गुरुवार 'कामाच्या ठिकाणी भावनिक बुद्धिमत्ता' या वर्गाला बसायचं. त्यानंतर मला टीम लीड ठेवायचं की नाही ते ठरणार. आत्या, ही खुर्ची मला आठ वर्षांनी मिळाली होती.

वर्ग घेणारा डीडरिक नावाचा मोज्यांशिवाय बूट घालणारा इसम होता. त्यानं पहिल्याच दिवशी एक गोल तक्ता दिला. त्यात बहात्तर भावना छापल्या होत्या, त्यांतली आपली शोधायची. 'कसंतरी होतंय' त्यात नव्हती. मग शिकवलं, की काळजी वाटली तर आधी परवानगी घ्यायची: मला तुझी काळजी वाटते आहे, ती ऐकायला तुला ही वेळ सोयीची आहे का? मग एका बाईनं आपला कुत्रा गेल्याचं नाटक केलं आणि मी चार मिनिटं नुसतं गप्प बसून सोबत करायची होती. चाळीस सेकंदांत मी विचारलं, किती वर्षांचा होता? दहापैकी दोन मार्क. तिसऱ्या गुरुवारी एकमेकांना मोकळेपणानं बोलायचं होतं, तेव्हा विक्री विभागाच्या एका गृहस्थानं मला तोंडावर सांगितलं, तुझ्या बोलण्यानं मी दमतो. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या झाल्या. म्हणजे 'तू दमवतोस' ही बुद्धिमत्ता, आणि 'जेवलास का' हा आगाऊपणा! दर गुरुवारी मी गाडीत दात-ओठ खात घरी यायचो.

फक्त चौथ्या गुरुवारी डीडरिकनं एक प्रश्न विचारला. तू वूटरकडे गेलास ते त्याला बरं वाटावं म्हणून, की आपण जाऊन आलो असं तुला वाटावं म्हणून? मला त्याचा इतका राग आला, की मी माझं स्टेशन चुकलो. चुकीच्या प्रश्नाचा माणसाला एवढा राग येत नाही, हे पुढच्या स्टेशनवर उतरल्यावर माझ्या लक्षात आलं.

असो. शेवटी मी पास झालो! सहाव्या गुरुवारी परत तोच गप्प बसण्याचा प्रयोग होता. मी चारच्या जागी अकरा मिनिटं बसलो, कुणाला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. डीडरिक भारावला. दहापैकी नऊ मार्क, आणि 'शांत व प्रगल्भ उपस्थिती' असा शेरा. सर्टिफिकेट मिळालं, खुर्ची राहिली. तेव्हा तुझा भाचा आता भावनांच्या बाबतीत सरकारमान्य हुशार आहे, हे गल्लीत सांगायला हरकत नाही.

आतोबांना नमस्कार सांग. गुडघ्यांना रोज तेल लावत जा.

तुझा,
यशोधन

ता. क. वर सर्व खुशाल लिहिलंय ते आसावरीपुरतं, झाडापुरतं आणि सायकलपुरतं खरं आहे. सहाव्या गुरुवारी मी गप्प बसलो, कारण माझ्यात बोलायला त्राणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या बाकावर बसलो आणि उठता येईना. दुखत काही नव्हतं, नुसतं उठता येईना. चार गाड्या गेल्या. मग आसावरीनं येऊन घरी नेलं. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले. ऑफिसातून कार्ड आलं, परत बदकच. मारलूसबाईंचा फोन आला, फार गोड बोलल्या. म्हणाल्या, काय होतंय ते तुम्ही मला सांगायची अजिबात गरज नाही. आत्या, मी सगळं सांगायच्या तयारीत होतो. क्रमानं, झोपेपासून.

ता. क. दुसरा. डबा परत येतोय. वूटर आता अर्धा दिवस कामावर येतो, आणि काल त्याचा मेसेज आला: गुरुवारी साडेदहा ते सव्वाअकरा आलो तर चालेल का? तुझं भांडं परत करायचं आहे. ते रिकामं आणायचं नसतं असं मी वाचलं, म्हणून वाटाण्याचं सूप आणतो आहे. सोमवारचा मला राग आहे. शनिवारचा नाही. आणि त्याखाली एक वेगळी ओळ होती: पोट साफ होतं का?

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. मी वूटरला कळवलं, की सगळं उत्तम आहे. आसावरीलाही रोज तेच सांगतो. तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. न कळवता कर. मी म्हणेन, काही नाही गं आत्या, बरा आहे, ऑफिसच्या गडबडीत आहे, नंतर बोलू. तू फोन ठेवू नकोस.