काउंटेसचा पास

बाबा, तुमचे हस्तिदंती पास आता पुण्यात आईच्या कपाटात आहेत. युरोपातल्या सरदार घराण्यांसाठी ऑपेराच्या थिएटरात खास बसायचे बॉक्स राखून ठेवलेले असत, त्यांच्या या रुपयाएवढ्या चकत्या. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर. फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवरून तुम्ही गुरुवारी शारजाला घरी यायचात आणि शुक्रवारी अल मजाजच्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाहुण्यांना त्या दाखवायचात. हात पुसल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. आईने तर पुसूनही नाही.

एका वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात आईला मुख्य काम मिळालं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात. दोन महिने ती रोल्लाला तालमींना जात होती, पोळ्या लाटताना माझ्याकडून समोरच्या पात्रांचे संवाद म्हणवून घेत होती. प्रयोगाच्या दिवशी सकाळी तुम्ही तिच्या हातात मखमली डबी ठेवलीत. तिला वाटलं कुड्या असतील. आत चकती होती.

"एका काउंटेसचा पास आहे. तुला."

"आज माझा प्रयोग म्हणून?" आई हरखून गेली होती.

"छे. तू येणार नाहीस, असा मंडळाला फोन केलाय मी. खलास. घरंदाज बायका नाटक बघतात, करत नाहीत."

मी म्हणाले, "बट बाबा, शी नोज ऑल द लाइन्स!" तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. "यल्ला, संध्याकाळी वेळेवर तयार व्हा," म्हणालात. म्हणजे घरी बसून राहायचीही मुभा नव्हती.

पहिल्या रांगेत तुम्ही, मध्ये आई, पलीकडे मी. स्टेजवर प्रॉम्प्टिंग करणाऱ्या काकू हातात वही धरून आईचं काम करतायत, अडखळतायत, मागे लोक हसतायत. अंधारात आईचे ओठ हलतायत, एकही शब्द न चुकता. तुम्ही तिच्याकडे झुकता आणि अगदी हळू, जवळजवळ प्रेमाने म्हणता, "ओठ हलवू नकोस."

ती थांबली. त्यानंतर घरातही तिने कधी काही म्हणून दाखवलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, फेकून देऊ या हे सगळं. तर आई माझ्यावरच चिडली. "एवढी दुर्मिळ वस्तू कुणाच्या नवऱ्याने दिली असती गं? आणि नाटकाचं म्हणशील, तर तेव्हा त्यांचंच बरोबर होतं." हे सांगताना ती तुमच्यासारखीच हनुवटी वर करते.

तिच्यासमोर तुम्हाला काही बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिलं. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. हल्ली मला तुमच्यापेक्षा तिचाच जास्त राग येतो.