वखारीच्या वळणावरची हॅट

क्रॉटेनबाख,
दि. ७ मे १९८४

चि. लोरेन्झ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि बंदरावरचा फोटो पोचला. फोटोत चांगलाच सुटलेला दिसतोस. लग्न न करता माणूस इतका सुटतो कसा, असं तुझे रुपर्ट दाजी विचारत होते. आम्ही सगळे ठीक. डोंगरावरचा बर्फ उतरला, गाई पुढच्या महिन्यात वर जातील.

आज बाबांबद्दल लिहायला बसलेय, आणि रागाने लिहितेय हे आधीच सांगते. आई गेल्यापासून त्यांनी हॅट घालून गाडी चालवण्याचा ताळतंत्रच सोडलाय. पूर्वीही घालत, पण आई शेजारी असली की निदान बाजारगावात पोचल्यावर ती काढून मागच्या काचेपाशी ठेवायला लावायची. आता घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत ती हिरवी, रुंद काठाची हॅट डोक्यावर. काठ मागे सीटच्या उशीला अडतो म्हणून त्यांनी ती उशीच उपटून माळ्यावर टाकली. वेग चाळीस. त्याच्या वर काटा गेला तर पाप लागेल असा चेहरा करून बसतात. परवा मी दुकानाच्या दारात उभी राहून मोजल्या, मागे अकरा गाड्या होत्या. अकरावी रुपर्टची. आत त्यांच्याकडे गाडी शिकणारी एक मुलगी घामाघूम होऊन पहिला-दुसरा गिअर करत होती.

रुपर्टचं काय होत असेल विचार कर. पंचक्रोशीत गाडी शिकवणारे हे एकटे, आणि रस्ता अडवणारा हॅटवाला म्हातारा यांचाच सासरा. खानावळीत लोक विचारतात, मास्तर, घरच्यांना फी माफ आहे का? हे हसून घेतात आणि घरी येऊन जेवत नाहीत.

मला तर त्या हॅटची किळस येते, लोरेन्झ. आतली कातडी पट्टी घामाने काळी, तेलकट झालीय. खुंटीवर टांगली की सगळ्या बोळात वास. परवा ती चुकून माझ्या हाताला लागली तर मी साबणाने दोनदा हात धुतले.

रुपर्ट आता परवाना कचेरीला कळवायचं म्हणताहेत. मी म्हटलं, आधी किल्ली मागून बघू. माझं बाबा ऐकत नाहीत. तू लिही. तू शेंडेफळ, तुझं ऐकतील.

दाजींचा नमस्कार. राग बाबांवर आहे, तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.

तुझी ताई,
बुर्गी


ब्रेमेन,
दि. १५ मे १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस हसत होतो. माफ कर. अकरा गाड्या म्हणजे आपल्या गावात वाहतूक वाढली म्हणायची. माझ्या लहानपणी चार असायच्या, त्यातली एक शवपेटीची.

हॅटचं तू विसरलीस का? रस्त्यावर क्रूस आला की पुरुषाने हॅट काढायची, ही आपल्याकडची रीत. आजोबा पायी चालताना काढत, बाबा गाडीतून काढतात. डोक्यावर हॅटच नसेल तर काढणार काय? घरापासून बाजारगावापर्यंत सात क्रूस आहेत, मी मागच्या सीटवरून मोजलेत. सात वेळा एक हात चाकावरून उचलायचा म्हणजे चाळीसच्या वर जाणार कसे? मला तर तो माणूस सावध वाटतो. मला सायकल दिली तेव्हाही स्वतः समोर दिवा बसवला आणि दिव्याशिवाय निघालास तर तुझा कुशेल होईल, असा दम दिला. आठवतं ना, सगळ्या गावातच तो दम होता. संध्याकाळी कुणी बिनदिव्याचा दिसला की आम्ही पोरं ओरडायचो, दिवा लाव रे, कुशेल! तो लंगडा कुशेल वखारीत फळ्या रचत असायचा, ऐकून वर बघायचा नाही.

दाजींना म्हणावं, कचेरीला लिहायच्या आधी एक करा. ताई, तू एकदा त्यांच्या शेजारी बस. बाजारगावापर्यंत जा आणि ये. नजर, कान, हात, सगळं बघ. धोका वाटला तर मी स्वतः येऊन किल्ली काढून घेतो. नुसती लाज वाटत असेल तर ती गिळ.

मी सुटलोय हे खरं. इथले मासे तळून देतात.

माया कमी करू नये, वजन मी कमी करतो.

तुझा,
लोरेन्झ


क्रॉटेनबाख,
दि. २८ मे १९८४

चि. लोरेन्झ यास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस म्हणून काल बसले. बाबांनी दार उघडून दिलं, पट्टा बांधायला लावला, आणि निघालो. मागच्या काचेपाशी प्रवासासाठी ठेवलेला, आईने विणलेली निळी टोपी घातलेला टॉयलेट-कागदाचा रोल अजून आहे.

नजर उत्तम आहे. हात थरथरत नाही. हे तुला आधी लिहिते, कारण आता जे लिहिणार आहे त्यात ते राहून जाईल.

क्रूस सात. दरवेळी हॅट छातीशी धरायची, ओठ हलवायचे, पुन्हा डोक्यावर. पण त्यांनी हॅट आठ वेळा काढली. आठव्यांदा वखारीच्या वळणावर. तिथे क्रूस नाही, थडगं नाही, काही नाही. ओढा आहे आणि खाजकुयलीसारखी वाढलेली झुडपं आहेत. घामाने चिकटलेले पांढरे केस, छातीशी हॅट, चेहरा देवळातल्यासारखा. मी काच खाली करून तोंड बाहेर काढलं. बाबा म्हणाले, तुला गाडी लागते का गं?

तिथे काय आहे हे मला ठाऊक आहे. तू जन्मायच्या दोन महिने आधीचं आहे. मी नऊ वर्षांची होते.

बाबा तेव्हा दूध तपासनीस. गावातली एकमेव मोटार सरकारने त्यांना दिलेली. नोव्हेंबरची संध्याकाळ, पाच वाजताच काळोख. एका गवळ्याकडे बारसं होतं, बाबा तीन पेले बिअर पिऊन निघाले होते. हॅट चुरगळू नये म्हणून माझ्या मांडीवर दिलेली. वळणावर समोरून सायकल आली. तिच्यावर दिवा होता, लोरेन्झ. हँडलला अडकवलेला, पिवळा, हलणारा. मी पाहिला. मग तो बाबांच्या गाडीखाली गेला.

कुशेल रस्त्यावर पडून कण्हत होता. बाबा उतरले. आधी त्याच्याकडे गेले, मग सायकलकडे. दिवा काढला आणि ओढ्यात टाकला. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, बुर्गी, दिवा नव्हता, होय ना? मी मान हलवली. पोलीस यायच्या आत त्यांनी माझ्या मांडीवरची हॅट मागून घेतली, केस सारखे केले आणि डोक्यावर घातली. पोलिसाने तिच्याकडे बघून सलाम केला. कुशेल युद्धानंतर सिलेशियातून हाकलून लावलेल्या निर्वासितांपैकी, वखारीतल्या मजुरांच्या खोपटात राहणारा. तो दिवा होता दिवा होता म्हणत राहिला. त्याचं कोण ऐकतंय?

मला वाटायचं बाबा विसरले. मीही विसरल्यासारखी जगले, रुपर्टलासुद्धा काल रात्रीपर्यंत सांगितलं नव्हतं. आणि बाबा तेहतीस वर्षं तिथे हॅट उचलताहेत. कुशेल वखारीच्या वरच्या घरात जिवंत आहे. त्याच्या दारापर्यंत पन्नास पावलं नाहीत. त्याला कधी हॅट काढली नाही. काढली ती झुडपांना.

कचेरीचा कागद रुपर्टनी फाडला. आता प्रश्न किल्लीचा नाही. बाबांनी त्या माणसाला खरं सांगितलं पाहिजे, तो जिवंत आहे तोवर. मी त्यांना तसं म्हटलं. ते उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेले.

ताईला वाईट म्हणायचं तर म्हण. उत्तर मात्र लिही.

बुर्गी


ब्रेमेन,
दि. २ जून १९८४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईने सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नये. नऊ वर्षांच्या मुलीला तुम्ही काय करायला लावलंत ते आठवावं आणि मग रागवावं.

मी लहानपणी त्या माणसाच्या तोंडावर दिवा लाव, कुशेल, असं ओरडत असे. तुम्ही अंगणात उभे राहून ऐकत होता. एकदाही गप्प बस म्हणाला नाहीत. मला इथे समुद्रकाठी बसून स्वतःच्या तोंडाची शिसारी येते आहे. तुमची किती येते ते लिहीत नाही.

त्याच्याकडे जा. हॅट घालून जा, न घालता जा, पण जा. तुम्ही गेला नाहीत तर ताई जाईल आणि मीही येईन. तुमच्याकडून आम्हाला खरं कळलं असतं तर बरं झालं असतं.

प्रकृतीस जपावे.

तुमचा मुलगा,
लोरेन्झ


क्रॉटेनबाख,
दि. ९ जून १९८४

चि. लोरेन्झ यास आशीर्वाद.

पत्र मिळाले. बापाला असे पत्र लिहिण्याइतका मोठा झालास, बरे वाटले.

घडले ते घडले. त्याच आठवड्यात मी फादरांपाशी कबुली दिली होती. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, त्या मी केल्या. त्यांनी असेही सांगितले की त्या माणसाकडे जा. तेवढे मी केले नाही. तुझी आई पोटुशी होती, नोकरी गेली असती, गाडी गेली असती, सरकारी घर गेले असते. नंतर जायचे होते. नंतर तू झालास, मग घर बांधले, मग वाटले की आता गेलो तर लोक म्हणतील इतकी वर्षे काय करत होता. बुर्गीला वाटते मी विसरलो. त्या संध्याकाळनंतर मी एकदाही चाळीसच्या वर गाडी नेलेली नाही. रुपर्टच्या शिकाऊ मुलांना हसू दे.

तू म्हणतोस अंगणात उभा राहून ऐकत होतो. ऐकत होतो हे खरे.

किल्ली हवी तर देईन. पण त्या दारात या वयात मी जाणार नाही. काय म्हणू मी त्याला?

रविवारी बुर्गी पुन्हा गाडीत बसणार म्हणते.

माग्नुस राउ


क्रॉटेनबाख,
दि. १८ जून १९८४

चि. लोरेन्झ यास,
अ. उ. आ.

काल झालं. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर तू फोन करशील आणि मला फोनवर बोलता येणार नाही.

चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून परत येताना मी शेजारी बसले होते. वखारीच्या वळणावर बाबांनी हॅट उचलली. मी म्हटलं, गाडी थांबवा. ते म्हणाले, इथे थांबायला मनाई आहे. मी हात घालून किल्ली फिरवली. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागच्या सहा-सात गाड्यांनी भोंगे सुरू केले. कुणीतरी ओरडलं, आजोबा, झोप लागली का? बाबा चाकाला धरून बसून राहिले. मी उतरले आणि वखारीच्या पायऱ्यांकडे चालू लागले. अर्ध्या पायऱ्यांवर मागे पावलं ऐकू आली. गाडी तशीच रस्त्यात, दार उघडं. मागून शिव्या येत होत्या.

कुशेल दारातच बसून बीट सोलत होता. पांढरा, बारीक, एक पाय ताठ पुढे केलेला. बाबांनी हॅट काढली. मग एकदम म्हणाले, दिवा होता. मी ओढ्यात टाकला.

मी म्हटलं, मी पाहिला होता. पिवळा होता.

त्याने सोलणं थांबवलं नाही. हातातलं बीट पूर्ण सोलून पातेल्यात टाकलं, हात पुसले, आणि म्हणाला की मला हे सांगून काय उपयोग, मला तर माहीतच होतं. हिला माहीत नव्हतं. ही म्हणजे त्याची बायको, हेडविग. ती चार वर्षांपूर्वी गेली. तो सांगत होता की ती रोज रात्री पायाला गरम तेल चोळायची आणि दर वेळी म्हणायची, दिवा लावला असतास तर. एकोणतीस वर्षं. शेवटी शेवटी तो होय म्हणायला लागला होता, कारण सारखं भांडून ती दमायची. होय, नव्हता लावला, चुकलं माझं, असं म्हटलं की तिला झोप लागायची.

मग तो काठीला धरून उठला आणि म्हणाला, चला. गाडीत बसणार का, असं मी विचारलं. तुमच्या गाडीत मी बसत नाही, म्हणाला. वखारीपासून दफनभूमी दीड किलोमीटर. तो पुढे, एक पाय ओढत. बाबा मागे, हॅट हातात. मी त्यांच्या मागे. रस्त्यावरच्या गाड्या आमच्यामागे कूर्मगतीने सरकत होत्या, पण भोंगा कुणी वाजवला नाही. रुपर्टही त्यात होते, त्यांनी आधीच बाबांची गाडी बाजूला घेतली होती.

हेडविगचं थडगं भिंतीकडेला, साध्या लाकडी फळीचं. कुशेलने बाबांना तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, मोठ्याने सांगा, तिला शेवटी कमी ऐकू यायचं. बाबांनी सांगितलं. दिवा लावलेला होता. तुमच्या नवऱ्याने दिवा लावलेला होता, मी खोटं बोललो. दोन बायका फुलांना पाणी घालत होत्या, त्यांनी झारी खाली ठेवली. सगळ्या गावाला आतापर्यंत कळलं असेल.

मला वाटलं होतं की नंतर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मला बाबांची किळस अजून येते, आणि आरशात बघताना माझीही. बाबांनी किल्ली रुपर्टलाच ठेवून घ्यायला सांगितली, कुणी न मागता. जेवले नाहीत. आता खाली अंगणात बसलेत.

कुशेलने आम्हाला क्षमा वगैरे केली नाही, हे तुला कळावं. आमच्याकडे त्याने पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. बाबांचं बोलून झाल्यावर तो त्या फळीकडे वाकला आणि म्हणाला, ऐकलंस ना? आणि वाट बघत उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो.

तू ये. येशील तेव्हा तू पण त्याच्या दारात जाऊन ये.

तुझी,
बुर्गी