तुम्ही सोडली, त्यानंतरचं वर्ष

सुमनचे बाबा,

तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आता कागदावरही ते उतरत नाही. म्हणून अशीच हाक मारते.

माहेरी चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर लिहायची वेळच आली नाही. सुमनचा टाक घेऊन आज बसले आहे, कारण नामदेव भाऊजींचे डोळे पिवळे झाले आहेत. तुमच्या धाकट्या भावाचे. तुमचे झाले होते अगदी तसेच. हे कुणाला सांगू? जाऊबाई आधीच रडून अर्ध्या झाल्या आहेत. ज्याला सारं ठाऊक होतं तो माणूस तुम्ही, आणि तुम्ही नाही.

तुम्ही काही वाईट माणूस नव्हतात. तलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं, कुणाच्या मागून, हे गाव तुमच्यावर सोपवून निश्चिंत असायचं. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी लोक तुम्हालाच विचारत. पाण्यात उभं राहून अंग गारठतं म्हणून तुम्ही मोहाची दारू घ्यायला लागलात. मग पाण्यात नसलात तरी घ्यायला लागलात. मग सकाळी हात थरथरतो म्हणून. मला वाटायचं, एवढे पुरुष घेतात, कुणाला काय होतं? तुम्हालाही तेच वाटायचं ना?

भादव्यात डोळे पिवळे झाले तेव्हा आपण आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलो. त्यानं तुमचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं. तो म्हणाला, उतरली. आपण घरी आलो आणि तुमचं पोट फुगायला लागलं. पाय असे सुजले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. तेव्हा कुठे बैलबंडीनं कोहमाऱ्याच्या नाक्याला गेलो आणि तिथून मोटारीनं गोंदियाला.

स्टेशनाजवळचा तो म्हातारा डॉक्टर तुम्हाला आठवतो? त्यानं उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "इनका जिगर खराब हो गया है." मी जिगर म्हणजे हिंमत समजत होते. मला कळेना, हिंमत खराब कशी होते. मग त्यानं माझाच हात घेऊन माझ्या बरगडीखाली ठेवला, सुमनच्या पुस्तकात ज्याला यकृत म्हणतात तिथे. "यहाँ. जो खाया-पिया, सब यहीं से गुजरता है."

मी विचारलं, दारू सोडली तर बरे होतील का?

त्यानं मला बाजूला नेलं नाही. तुमच्यासमोरच सांगितलं. दारूनं हे आधी सुजतं, मोठं होतं. तेवढ्यावर सोडली तर सूज उतरते, माणूस पूर्ववत होतो. पण पीतच राहिलं तर आतून वण पडत जातात. मग ते आकसतं, कडक होतं. वण पडलेला भाग पुन्हा भरून येत नाही, त्याला औषध नाही. "इनका बहुत हिस्सा सूख गया है. जो बचा है, उसको चैन से काम करने दो. एक बूँद भी नहीं."

तुम्ही विचारलं, "मंग जगीन किती?"

तो म्हणाला, "पिओगे तो मैं बता सकता हूँ. छोड़ोगे तो नहीं बता सकता."

घरी एकदम सोडू नका, अंगाला धोका असतो, असं म्हणून त्यानं तुम्हाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. बरं झालं ठेवलं. तुमचे हात असे कापत होते की पाण्याचा पेला ओठाला लागेना. घामानं चादर भिजायची. भिंतीवर मुंग्या चालून राहिल्या म्हणून तुम्ही मला त्या पुसायला लावल्या. मी पदरानं कोरडी भिंत पुसत होते. दुसरं काय करणार होते? सुई घालून त्यांनी पोटातलं पाणी काढलं, लघवी होण्याची इंजेक्शनं दिली. कंपाउंडर म्हणायचा, बाई, सगळ्यांना असंच होतं. सगळे कुठले? मला तर तुम्ही एकटेच दिसत होतात.

मग घर, आणि अळणी जेवण. मीठ खाल्लं की पाणी पुन्हा भरतं, म्हणून मीठ बंद. अंडी, दूध, वरण, तलावातली मासोळी, सगळं बिनमिठाचं. तुम्ही दारूसाठी एकदाही भांडला नाहीत, मिठासाठी मात्र रोज भांडलात. लोणच्याच्या बरणीत बोट घालताना मी पकडलं, तर म्हणालात, "कैरी कुजली का पायत होतो." मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

आणि तुम्ही सुधारलात. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण गाव ते विसरलं. पोट उतरलं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. भूक लागायला लागली. आधी चिडचिड होती, ताट सरकवायचात, मग तीही कमी झाली. सुमन तुमच्या जवळ यायची नाही, दारूच्या वासाला भ्यायची. ती येऊन तुमच्या पाठीला टेकून बसायला लागली. एकदा तुम्ही न हलता किती वेळ बसलात, पाय आखडला तरी. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तुम्ही दंडारीच्या नाचात उभे राहिलात. नाचायचं बळ नव्हतं, नुसते झांजा वाजवत होतात. तुमच्यासोबत प्यायला बसणाऱ्या किसन पाटलांनी तांब्या पुढे केला. "घे ना बे, एका घोटानं का होते?" तुम्ही म्हणालात, "माझ्या वाट्याची पिऊन झाली, आता तुमची तुमी प्या." लोक हसले. तुम्हीही हसलात. पण घरी आल्यावर तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेत. मी पाणी दिलं.

धानाच्या रोवणीत तुम्ही चिखलात उतरलात. मी नको म्हणत होते. पऱ्ह्यातल्या रोपांच्या जुड्या उचलून बायांना देत राहिलात. त्या पाऊसकाळात मला वाटलं, आपण यातून निघालो. तुम्हालाही वाटलं असेल का? की आत काय चाललंय हे तुम्हाला कळत होतं?

एवढं एक मला विचारायचं आहे, आणि राग धरू नका. शौचाला काळं होत होतं, डांबरासारखं, आतून रक्त झिरपलं की होतं तसं, हे तुम्ही मला का सांगितलं नाही? मागाहून किसन पाटील म्हणाले, तुम्ही त्यांना सांगितलं होतं. त्यांना सांगितलंत, मला नाही. का, मी घाबरीन म्हणून? मी त्या भिंतीवरच्या मुंग्या पुसल्या होत्या, सुमनचे बाबा. मी आणखी कशाला घाबरले असते?

मळणीच्या दिवसांत, भर दुपारी, खळ्यावर तुम्हाला उलटी झाली. नुसतं रक्त. एवढं रक्त माणसाच्या आत असतं हे मला ठाऊक नव्हतं. नामदेव भाऊजींनी बंडी जुंपली. कोहमाऱ्याला पोहोचेपर्यंत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही सारखे "थंडी वाजते" म्हणत होतात आणि वर ऊन होतं. नाक्यावर मोटार नव्हती. भाऊजी रस्त्यात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होते. एक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, बंडीत वाकून बघितलं आणि डोक्याचा फेटा काढला. तेव्हा मला कळलं.

तेरवीलाच लोक बोलायला लागले. "सोडली म्हणून गेला. अंगाले सवय होती, एकदम तोडली." पिणारे बोलले, न पिणारेही बोलले. दारू पीत होता तोवर जिवंत होता, सोडली आणि मेला, हे सगळ्यांना दिसलं होतं. मी काय उत्तर देणार? माझ्याजवळ सांगायला डॉक्टरचे चार शब्द, आणि त्यांच्याजवळ तुमचा मुडदा. तोवर दोन माणसं सोडायचं म्हणत होती, त्यांनीही विचार बदलला. आणि भाऊजींनी, जे तुमच्या देखत थोडी घ्यायचे, त्यांनी वर्षभरात सकाळपासून घ्यायला सुरुवात केली.

आता मोहफुलं गळायला लागली आहेत. जंगलात नाल्याकाठी दारूच्या भट्ट्या लागल्या आहेत. आणि भाऊजींचे डोळे पिवळे. मी म्हटलं, गोंदियाला चला. ते म्हणाले, "मले कायले नेऊन राहिल्या, वयनी? दादानं तं सोडली होती ना. मंग का झालं?"

मी म्हटलं, तेच त्या डॉक्टरला विचारायला चला.

या वाक्यावर ते यायला तयार झाले. परवा गेलो. डॉक्टर आणखी म्हातारा झाला आहे, पण त्यानं मला ओळखलं. तुमची चौकशी केली. मी सांगितलं. मग भाऊजींच्या देखत मी विचारलंच, "सोडूनही गेले. सोडून काय मिळालं?"

त्यानं आधी भाऊजींकडे नीट बघितलं. मग म्हणाला, जिगर कडक झालं की रक्ताची वाट अडते. ते रक्त दुसरीकडून वाट काढतं, अन्नाच्या नळीतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. ते वण दारूच्या वर्षांत पडलेले होते, सोडल्यानं पडले नाहीत. "वो देर से आए थे. न छोड़ते, तो उसी बरसात में चले जाते. जो साल मिला, वो छोड़ने से मिला."

मग त्यानं भाऊजींना आडवं केलं आणि बरगडीखाली बोटं रोवली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तुमच्या वेळचा चेहरा मला आठवत होता. तो म्हणाला, वाढलं आहे, पण नरम आहे, कड गुळगुळीत लागते. पोटात पाणी नाही. आज सोडली तर हे बहुतेक परत जागेवर जाईल. बहुतेक म्हणाला, नक्की नाही म्हणाला. "यहीं रह जाओ, मैं छुड़वा देता हूँ."

भाऊजी राहिले नाहीत. मोहफुलं वेचायची आहेत, मग येतो म्हणाले. मी हात धरला, त्यांनी तो हळूच सोडवला. कोहमाऱ्याला उतरलो तेव्हा म्हणाले, "वयनी, तुमी झाडाखाली बसा, मी आलोच." मला ठाऊक होतं ते कुठे जात आहेत. मी बसून राहिले. मोठ्या माणसाला काय बांधून ठेवायचं? परत आले तेव्हा वास येत होता, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

काल दिवसभर ते दिसले नाहीत. आज सकाळी मी अंगण सारवत होते, तर येऊन ओसरीत बसले. हात कापत होते. म्हणाले, काल दुपारपासून घेतली नाही. मी म्हटलं, असं घरी तोडायचं नसतं, डॉक्टरनं सांगितलं ना? ते म्हणाले, "जातो. उद्या जातो." आणि मग खाली बघत विचारलं, "वयनी, दादाले पयल्या दिवशी कसं वाटत होतं? आतून?"

काय सांगू त्यांना? कापरं सांगितलं, घाम सांगितला, मुंग्या सांगितल्या. ते म्हणाले, "ते मले दिसून राहिलं. आतून कसं वाटत होतं?" आणि मला ते सांगता आलं नाही, सुमनचे बाबा. ते तुम्हीच सांगू शकला असता. तुमच्या भावानं आज पहिल्यांदा कामाचं काही विचारलं आणि सांगणारं घरात कुणी नाही.

ते अजून ओसरीतच बसले आहेत. जाऊबाईंनी चहा नेऊन दिला, तो अर्धा सांडला. बंडी सांगून ठेवली आहे. उद्या सकाळच्या मोटारीनं मी त्यांना घेऊन जाते. दवाखान्यात त्यांच्या खाटेशी मी बसेन, जाऊबाई बसतील. ते टिकतील की कोहमाऱ्यालाच बंडीतून उतरून निघून जातील, हे माझ्या हातात नाही. उतरले तर मी पुन्हा नेईन, त्यांचं जिगर नरम आहे तोवर नेत राहीन. एवढा शब्द तुम्हाला देते. याहून मोठा देण्याची ताकद माझ्यात नाही.

तुमची,
गिरिजा